तिकीट ‘सॉल्व्ह्ड’, लॅपटॉप तसाच

प्रश्न : मी सांगलीत घरूनच डीटीपीचं काम करते. एकटीच करते, हाताखाली कुणी नाही. आठ महिन्यांपूर्वी एका मोठ्या कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून ७४,००० रुपयांचा लॅपटॉप घेतला. एक वर्षाची, घरी येऊन दुरुस्ती करून देण्याची वॉरंटी आहे. गेले दोन महिने काम चालू असताना अचानक निळा स्क्रीन येतो, त्यावर ‘व्हीआ अनकरेक्टेबल एरर’ असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि मशीन बंद होऊन परत सुरू होतं. कंपनीच्या चॅटवर दर वेळी नवा माणूस भेटतो आणि विंडोज पुन्हा टाकायला सांगतो. तीनदा टाकलं. दर वेळी श्रीलिपीचे फॉन्ट, पेज लेआउटचं सॉफ्टवेअर, प्रिंटर, सगळं नव्याने बसवण्यात दोन-दोन दिवस गेले. इंजिनिअर पाठवा म्हटलं तर ‘हा सॉफ्टवेअरचा प्रश्न आहे’ म्हणतात आणि ४,९९९ रुपयांचा प्रीमियम सपोर्ट घ्या म्हणतात. चार दिवसांनी मेल येतो : तुमची केस सॉल्व्ह झाली. माझं इंग्रजी बेताचं आहे, त्यामुळे फोनवर बोलायची भीती वाटते. मुलगा म्हणतो एक्सवर टाक. आमचे हे म्हणतात नाद सोड, ओळखीच्या माणसाकडून दुरुस्त करून घे. ग्राहक कोर्टाचं नाव काढलं तर एकाने सांगितलं, तुम्ही धंद्यासाठी वापरता, तुमचं तिथे कुणी ऐकणार नाही. दिवाळी अंकांची कामं तोंडावर आली आहेत. काय करू?

उत्तर : ताई, नमस्कार.

तुमची मागणी रास्त आहे आणि ती पुरी करून घेता येते. फक्त इथून पुढे ती चॅटच्या खिडकीत न मांडता कागदावर मांडायची. कागद म्हणजे मेल आणि केस नंबर. सपोर्टवाल्याशी गोड बोलून किंवा चिडून जे होत नाही, ते नीट लिहिलेल्या एका मेलने होतं, असा माझा पक्का अनुभव आहे. मी काही वर्षं अशाच एका सपोर्ट सेंटरमध्ये नोकरी केली आहे, म्हणून पलीकडे काय चालतं ते आधी सांगतो. ते कळलं की पुढचं सगळं सोपं होईल.

तुम्ही चॅट सुरू करता तेव्हा समोर बसलेला मुलगा किंवा मुलगी एकाच वेळी दोन-तीन ग्राहकांशी बोलत असते. तिच्या स्क्रीनवर एका बाजूला तुमचं नाव आणि सिरीयल नंबर, दुसऱ्या बाजूला तुमच्या जुन्या केसेस आणि वर घड्याळ असतं. एका चॅटला किती वेळ लागला आणि शेवटी ग्राहकाने किती तारे दिले, यावर तिचं महिन्याचं मोजमाप होतं. ही पहिली पायरी, त्या जगात तिला ‘एल वन’ म्हणतात. तिच्याकडे ठरलेली प्रश्नावली असते : रीस्टार्ट केलं का, अपडेट केलं का, विंडोज पुन्हा टाकलं का. इंजिनिअर पाठवायचा, पार्ट मागवायचा अधिकार बहुधा तिच्याकडे नसतो, तो ‘एल टू’कडे असतो. केस वर पाठवायची तर तिला कारण लिहावं लागतं, आणि कारण कच्चं असेल तर वरून केस परत येते. म्हणून ती तुम्हाला टाळते आहे असं समजू नका. वर पाठवण्याजोगं कारण तिच्या हातात अजून पडलेलं नाही. ते तुम्ही तयार करून द्यायचं. तिच्याशी सभ्यपणाने वागा, हेही मनापासून सांगतो. दिवसभर लोकांच्या शिव्या खाणाऱ्या त्या पोरीला कुणी ताईंसारखं नीट बोललं तर ती दोन ओळी जास्त लिहिते, आणि त्या दोन ओळींनी केस पुढे सरकते.

आता तुमच्या केसेस आपोआप बंद का होतात? कंपनी शेवटी एक मेल टाकते, ‘प्रश्न सुटला का?’ असा. त्या क्षणी तुमची केस ‘ग्राहकाच्या उत्तराची वाट पाहत आहोत’ या खात्यात जाते. ठरलेल्या दिवसांत तुमचं उत्तर आलं नाही की सिस्टिम ती बंद करते, कुणी माणूस बघतही नाही. तुम्ही विंडोज टाकण्यात गुंतलेल्या असता आणि तुमचं गप्प राहणं होकार म्हणून धरलं जातं. म्हणून अशा प्रत्येक मेलला त्याच दिवशी उत्तर द्या, दोनच वाक्यांत : ‘नाही, प्रश्न सुटलेला नाही. ही केस बंद करू नये.’ बंद झालेली असेल तर त्याच मेलवर रिप्लाय करून ती पुन्हा उघडायला सांगा.

यातच दुसरी गोष्ट आली. तुम्ही दर वेळी नवी चॅट सुरू केलीत, म्हणून दर वेळी नवी केस झाली. कंपनीच्या नोंदीत तीनदा विंडोज टाकलेली बाई कुठेच दिसत नाही. चार वेगवेगळ्या, पहिल्यांदाच आलेल्या, किरकोळ तक्रारी दिसतात. आता नवी चॅट बंद. जुने सगळे केस नंबर शोधून काढा (मेलमध्ये असतीलच), सगळ्यात जुना नंबर मुख्य धरा आणि बाकीचे त्याला जोडायला सांगा. तो जुना नंबर जपा. दोष वॉरंटीच्या मुदतीत कळवला होता याचा तो पुरावा आहे. तुमच्या वॉरंटीचे चारच महिने उरले आहेत, आणि हे प्रकरण लांबलं तर ‘तुमची मुदत संपली’ हे वाक्य ऐकावं लागू नये.

मशीनबद्दल बोलू. तुम्ही जो शब्द वाचलात, त्यातलं ‘व्हीआ’ हे विंडोजमधल्या एका यंत्रणेचं नाव आहे. प्रोसेसर, मेमरी, मदरबोर्ड अशा भागांकडून आलेले दोष नोंदवणं हे तिचं काम. हा कोड आला म्हणजे पार्ट गेलाच असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, जुन्या बायोसने (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्राम) किंवा एखाद्या ड्रायव्हरनेही (एखादा भाग विंडोजशी जोडणारा प्रोग्राम) तो येऊ शकतो. पण कोरी विंडोज टाकून, कंपनीने दिलेले अपडेट घेऊनही तोच कोड परत येत असेल तर सगळा संशय हार्डवेअरवर जातो. ‘हा सॉफ्टवेअरचा प्रश्न आहे’ हे आता कंपनीने दाखवून द्यायचं, तुम्ही चौथ्यांदा विंडोज टाकून नव्हे. आणि तो ४,९९९ रुपयांचा प्रीमियम सपोर्ट अजिबात घेऊ नका. वॉरंटीतल्या दोषासाठी तुम्ही आधीच पैसे मोजले आहेत.

पुरावा तुमच्या लॅपटॉपमध्येच पडलेला आहे. स्टार्टच्या शोधपट्टीत ‘रिलायबिलिटी’ एवढं टाइप करा, ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ असं येईल, ते उघडा. दिवसांचे उभे रकाने दिसतील आणि ज्या दिवशी मशीन कोसळलं त्या दिवसाखाली लाल गोलात फुली. त्या दिवसावर क्लिक केलं की खाली तपशील येतो : विंडोज नीट बंद झालं नाही, वेळ अमुक. या पानाचा स्क्रीनशॉट घ्या (विंडोज, शिफ्ट आणि एस ही तीन बटणं एकत्र). तिसऱ्यांदा विंडोज टाकल्यानंतरचे दिवस त्यात आले म्हणजे झालं, त्याआधीची नोंद पुसली गेली असेल. पुढच्या वेळी निळा स्क्रीन आला की मोबाइलने फोटो काढा, कोड वाचता येईल असा. फोटोची तारीख आणि वेळ फोनमध्ये आपोआप राहते.

शिवाय कंपनीची स्वतःची हार्डवेअर चाचणी असते, विंडोज सुरू होण्याआधी चालणारी. मशीन चालू करताना कुठलं बटण दाबायचं ते कंपनीगणिक बदलतं, तुमच्या मॉडेलच्या सपोर्ट पानावर सापडेल. झटपट चाचणी करू नका, ‘एक्स्टेंडेड’ निवडा आणि रात्रभर चालू द्या. दोष सापडला तर एक कोड येतो. त्या कोडचा फोटो म्हणजे एल वनच्या हातातलं सगळ्यात भक्कम कारण, कारण चाचणी त्यांचीच आहे. काहीच सापडलं नाही तरी नाउमेद होऊ नका. अधूनमधून येणारा दोष चाचणीत निसटतो. ‘चाचणी केली, निकाल हा’ एवढं लिहायचं.

आता मेल. मराठीत नमुना देतो. इंग्रजीत करताना अशीच छोटी वाक्यं ठेवा, मुलाला दाखवा, भाषांतराचं अ‍ॅप वापरलंत तरी चालेल. छोट्या वाक्यांचं भाषांतर बिघडत नाही. आणि लिहिताना तुम्हाला विचार करायला वेळ मिळतो, फोनवर मिळत नाही. बेताच्या इंग्रजीसाठी मेल हीच सगळ्यात चांगली जागा आहे.

*विषय : केस क्रमांक (सगळ्यात जुना) – वॉरंटीतील हार्डवेअर दोष – इंजिनिअरची भेट हवी*

*मॉडेल अमुक, सिरीयल नंबर अमुक, खरेदी दिनांक अमुक, बिल सोबत. वॉरंटी अमुक तारखेपर्यंत, घरी येऊन सेवा.*

*दोष : काम चालू असताना निळा स्क्रीन, कोड व्हीआ अनकरेक्टेबल एरर, त्यानंतर मशीन आपोआप रीस्टार्ट. पहिल्यांदा अमुक तारखेला. शेवटच्या १५ दिवसांत या तारखांना : … फोटो सोबत.*

*आजवर केलेले उपाय : तुमच्या सांगण्यावरून विंडोज तीन वेळा कोरी टाकली (तारखा आणि केस नंबर). बायोस आणि ड्रायव्हर तुमच्या वेबसाइटवरून अद्ययावत केले. तुमची एक्स्टेंडेड हार्डवेअर चाचणी केली, निकालाचा फोटो सोबत. यानंतरही दोष कायम आहे.*

*मागणी : १. ही केस एल टूकडे द्यावी. २. वॉरंटीनुसार इंजिनिअर पाठवून सदोष भाग बदलावा. ३. हा दोष वॉरंटीच्या मुदतीत कळवला आहे, याची लेखी नोंद द्यावी. ४. माझ्या बाकीच्या केसेस (नंबर) या केसला जोडाव्यात.*

*विंडोज पुन्हा टाकण्याचा उपाय तीनदा झाला आहे, तो पुन्हा सुचवू नये. तीन कामाच्या दिवसांत उत्तर अपेक्षित आहे. माझी लेखी संमती असल्याशिवाय केस बंद करू नये.*

बायोसची ओळ खरी असेल तरच लिहा. केलं नसेल तर आधी करा, एवढं त्यांचं ऐकण्यासारखं आहे. बायोस बदलताना चार्जर लावलेला हवा आणि मध्येच मशीन बंद करायचं नाही, एवढी काळजी घ्या.

या मेलमध्ये काय नाही ते बघा. झालेला मनस्ताप नाही, ‘तुमची कंपनी थर्ड क्लास आहे’ नाही, कोर्टाची धमकी नाही. मनस्ताप खरा आहे, मला तो तुमच्या पत्राच्या ओळीओळीत दिसला. पण मेल वाचणाऱ्याने पहिल्या अर्ध्या मिनिटात निर्णय घ्यावा असं वाटत असेल तर त्याला लागतं तेवढंच त्याच्यासमोर ठेवायचं. मनस्तापाची आणि नुकसानीची वेगळी वही करा : कुठल्या तारखेला किती तास वाया गेले, कुठलं काम परत गेलं, भाड्याने लॅपटॉप आणला तर त्याची पावती. तिचा उपयोग पुढे आहे. दिवाळी अंकांसाठी खरोखरच दुसऱ्या मशीनची सोय करा. या लॅपटॉपवर मुदतीचं काम ठेवू नका, आणि फाइल्स रोज बाहेरच्या डिस्कवर घेत चला.

फोनवर काही बोलणं झालंच तर ठेवल्या ठेवल्या त्याच मेलवर रिप्लाय टाका : ‘आज दुपारी अमुक वाजता तुमच्या प्रतिनिधीशी बोलणं झालं, त्यांनी अमुक सांगितलं.’ त्यांनी खोडून काढलं नाही तर ती नोंद तुमच्या बाजूने उभी राहते.

तीन दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पुन्हा तोच ठोकळा मजकूर आला, तर पुढची पायरी तक्रार निवारण अधिकारी. तुम्ही कंपनीच्याच वेबसाइटवरून खरेदी केलीत, हे इथे फार उपयोगाचं ठरतं. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार ऑनलाइन विकणाऱ्या प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचं नाव, पद, संपर्क वेबसाइटवर द्यावा लागतो. तक्रार मिळाल्याची पोच त्याने ४८ तासांत द्यायची आणि एका महिन्यात निवारण करायचं. वेबसाइटच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत ‘ग्रीव्हन्स ऑफिसर’ शोधा. वरचाच मेल त्यांना पाठवा, वर एक ओळ घालून : ‘या नियमांनुसार ही तक्रार आपल्याकडे दाखल करत आहे.’ सपोर्टच्या रांगेतून ही तक्रार उचलून वेगळ्या टेबलावर जाते. त्या टेबलावर तारखा मोजल्या जातात. बहुतेक प्रामाणिक तक्रारी इथेच मार्गी लागतात असं मी पाहिलं आहे, आणि तरीही हा अधिकारी शोधायचे कष्ट फार थोडे ग्राहक घेतात. मला याचं वाईट वाटतं.

तिथेही हालचाल नसेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. मराठीसह १७ भाषांत तिथे बोलता येतं, म्हणजे इंग्रजीचा प्रश्नच उरत नाही. त्यांच्या पोर्टलवरही तक्रार टाकता येते आणि तिचा डॉकेट नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, मिळतो. बऱ्याच मोठ्या कंपन्या या हेल्पलाइनशी जोडलेल्या आहेत, त्यांच्याकडे तक्रार थेट जाते. हेल्पलाइन कंपनीला हुकूम देऊ शकत नाही, हे लक्षात असू द्या. ती मध्यस्थी करते. कंपनी अडूनच बसली तर पुढे ग्राहक आयोग आहे, तुम्ही ज्याला ग्राहक कोर्ट म्हणता तेच.

आणि त्या आयोगाबद्दल तुम्हाला जे सांगितलं गेलं, ते तुमच्या बाबतीत चुकीचं आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये व्यापारी कारणासाठी वस्तू घेणारा ‘ग्राहक’ धरला जात नाही, इथवर खरं. पण त्याच व्याख्येखाली स्पष्टीकरण आहे : स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी जो वस्तू विकत घेतो आणि स्वतः वापरतो, त्याचा वापर व्यापारी मानायचा नाही. एकटीने, घरून, स्वतःच्या हाताने डीटीपी करणारी बाई हे या स्पष्टीकरणाचं चपखल उदाहरण आहे. तक्रारीत हे एक वाक्य पहिल्याच परिच्छेदात लिहा, म्हणजे समोरच्या वकिलाला तो मुद्दा घेऊन वेळ काढता येणार नाही.

भीती वाटण्यासारखं तिथे फारसं काही नाही. तुमच्या रकमेची तक्रार जिल्हा आयोगात चालते, ५० लाखांपर्यंतचं सगळं तिथेच जातं. वस्तूसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर दाखल करायला शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. कंपनीचं ऑफिस बंगळुरूत असो की गुरुग्रामला, नव्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे सांगलीतच, तक्रार करता येते. जुन्या कायद्यात ही सोय नव्हती. दाखल ऑनलाइनही होते, २०२५ पासून त्यासाठी ‘ई-जागृती’ हे पोर्टल आहे. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. दोष दूर करून द्या, नवी वस्तू द्या, पैसे परत करा, नुकसानभरपाई द्या, यांपैकी कुठलाही आदेश आयोग देऊ शकतो. भरपाई मागताना ती वेगळी वही आणि भाड्याच्या पावत्या बाहेर काढायच्या. निकालासाठी कायद्याने महिने ठरवून दिले असले तरी प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, ते मी लपवणार नाही. म्हणूनच आधीच्या पायऱ्या मन लावून चढायच्या. दाखल करण्याआधी कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टने एक नोटीस पाठवा, १५ दिवसांची मुदत देऊन. ती तुम्ही स्वतः लिहिलीत तरी चालते.

एकटं वाटलं तर ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांना गाठा. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी हे काम सुरू केलं, तेव्हा या देशात ग्राहकासाठी वेगळा कायदासुद्धा नव्हता, तो १९८६ साली आला. ही माणसं तुमचा मसुदा वाचून देतात, कुठे काय कमी आहे ते सांगतात. आपल्याकडे ही परंपरा आहे आणि ती आपण वापरायला हवी.

मुलाचं म्हणणं पूर्ण चुकीचं नाही. एक्सवर कंपनीला एकदा जाहीर लिहायला हरकत नाही, केस नंबर आणि किती दिवस झाले एवढंच. फोन नंबर, सिरीयल नंबर, बिल यांतलं काहीही जाहीर टाकायचं नाही. का ते नीट ऐका, कारण या पत्रातली सगळ्यात मोठी धोक्याची जागा ही आहे. चिडलेल्या ग्राहकाच्या पोस्टखाली काही मिनिटांत ‘आम्ही मदत करतो, आम्हाला मेसेज करा’ म्हणणारी खाती उगवतात. नाव आणि लोगो कंपनीचा, माणूस भलताच. तसंच गुगलवर ‘कस्टमर केअर नंबर’ शोधला की येणाऱ्या नंबरांचं. मग तो गोड आवाजातला माणूस रिफंडसाठी १० रुपये भरायला सांगतो किंवा एनीडेस्कसारखं, दुरून तुमचा स्क्रीन पाहू देणारं अ‍ॅप टाकायला लावतो आणि तुमच्या स्क्रीनवर बँकेचा ओटीपी वाचतो. खऱ्या कंपनीचा माणूसही कधी कधी दुरून मशीन पाहतो, पण ते तुमच्या उघड्या केसमधून, तुम्ही सुरू केलेल्या संपर्कात होतं. आपणहून आलेल्या फोनवर कधीच नाही. नंबर फक्त वॉरंटी कार्डावरून किंवा स्वतः पत्ता टाइप करून उघडलेल्या कंपनीच्या वेबसाइटवरून घ्या. स्क्रीनवर ‘व्हायरस सापडला, या नंबरवर फोन करा’ असं आलं तर तेही खोटं. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एररमध्ये फोन नंबर कधीच नसतो. आणि दुर्दैवाने पैसे गेलेच तर लाजत बसू नका, त्याच क्षणी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत थांबवली जाण्याची शक्यता जास्त.

तुमच्या यजमानांचा सल्ला चार महिन्यांनंतर चांगला आहे, आज नाही. ओळखीच्या कारागिराने आज मागचं झाकण उघडलं तर ‘बाहेर उघडलं होतं’ म्हणून कंपनी हात वर करू शकते, आणि तुमची सगळी मेहनत वाया जाईल. वॉरंटी संपली की जरूर त्याच्याकडे जा, अशी हुशार माणसं टिकायला हवीत.

राहता राहिला इंजिनिअर येण्याचा दिवस. त्याआधीची एक गोष्ट विसरलात तर नव्या मदरबोर्डसकट लॅपटॉप तुम्हाला आत घेणार नाही. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपांत डिस्क आपोआप कुलूपबंद केलेली असते, बिटलॉकर नावाच्या सोयीने. त्या कुलपाचा संबंध मदरबोर्डवरच्या एका चिपशी असतो. बोर्ड बदलला की विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं, आणि ती नसेल तर आतल्या फाइल्स गेल्याच समजा. तुम्ही ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप सुरू केलात, त्या खात्यात ब्राउझरवरून लॉगिन करा, उपकरणांच्या यादीत तुमचा लॅपटॉप निवडा, तिथे ही की बहुधा सापडेल. ती कागदावर लिहून घ्या, लॅपटॉपमध्ये ठेवू नका.

लॅपटॉपचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा, कोपरे, बिजागऱ्या, पोर्ट आणि खालचा सिरीयल नंबर दिसतील असे, इंजिनिअरने हात लावण्याआधी. नंतर ‘ग्राहकाच्या हातून नुकसान’ असा शेरा पडला तर हे फोटो कामी येतात. मशीन सर्व्हिस सेंटरला न्यायचं म्हणाले तर जॉबशीटवर (दुरुस्तीच्या नोंदीचा कागद) दोषाचं वर्णन तुमच्या शब्दांत लिहून घ्या, ‘स्लो चालतो’ असं मोघम नको, कोडसकट. आणि काम झाल्यावर इंजिनिअर सही मागेल, तेव्हा घाई करू नका. बदललेल्या भागाचं नाव आणि नंबर जॉबशीटवर आला आहे का पाहा, तुमची सगळ्यात जड फाइल उघडा, चित्रांची पानं पीडीएफ करायला लावा आणि त्याला चहा द्या. अर्धा-पाऊण तास मशीन तसंच चालू द्या. निळा स्क्रीन एकदा जरी आला तर सही करायची ती ‘दोष कायम’ असं लिहूनच.